नीरा कालव्यावरचे दोन पेन्शनर

२००५ साली लक्ष्मीपूजन १ नोव्हेंबरला आले होते. आदल्या दिवशी, ३१ ऑक्टोबरला, मंत्रालयात वित्त विभागाने एक शासन निर्णय काढला. १ नोव्हेंबर २००५ रोजी किंवा त्यानंतर जो शासकीय सेवेत येईल, त्याला जुन्या नियमांप्रमाणे निवृत्तीवेतन मिळणार नाही. त्याच्या मूळ पगारातून आणि महागाई भत्त्यातून दरमहा १० टक्के कापले जातील, तेवढीच रक्कम सरकार घालेल आणि निवृत्तीच्या वेळी जे साठेल त्यातून त्याची सोय होईल. योजनेचे नाव परिभाषित अंशदान निवृत्तीवेतन योजना. कर्मचाऱ्यांच्या तोंडी ती डीसीपीएस झाली. तेव्हा विलासराव देशमुख मुख्यमंत्री होते आणि जयंत पाटील अर्थमंत्री. ऐन दिवाळीत निघालेल्या या कागदाकडे त्या दिवशी फारसे कोणाचे लक्ष गेले नाही. ज्यांच्यावर त्याचा परिणाम होणार होता ते अजून नोकरीलाच लागले नव्हते. काही तर शाळेत होते.

या एका तारखेने बारामती आणि इंदापूर तालुक्यांतल्या जिल्हा परिषदेच्या शाळांमध्ये दोन जाती तयार केल्या. एकाच व्हरांड्यात समोरासमोरच्या वर्गांवर शिकवणारे दोन गुरुजी, पगार जवळपास सारखा, हजेरीपट एकच. पण एक जण अखेरच्या पगाराच्या निम्मे, वर महागाई, आणि पश्चात पत्नीला कुटुंब निवृत्तीवेतन, असे सगळे घेऊन घरी जाणार. दुसऱ्याच्या हाती काय पडणार हे कोणालाच सांगता येत नव्हते. पुढची वीस वर्षे या प्रश्नावर जे आंदोलन उभे राहिले, त्याचे मूळ या व्हरांड्यात आहे.

पण याच गावांत तिसरा एक माणूस राहतो, आणि या इतिहासात त्याला वगळून चालणार नाही. नीरा डावा कालवा १८८५ मध्ये सुरू झाला, ऊस आला, १९३० च्या दशकात वालचंदनगर उभे राहिले आणि स्वातंत्र्यानंतर सहकारातून माळेगाव, भवानीनगरचे छत्रपती, सोमेश्वर, पुढे बिजवडीचा कर्मयोगी आणि शहाजीनगरचा नीरा-भीमा अशी कारखान्यांची रांगच लागली. या कारखान्यांतले पॅनमन, फिटर, बॉयलर अटेंडंट, उसाच्या नोंदी घेत शिवारभर फिरणारे चिटबॉय हेही निवृत्त होतात. त्यांचे पेन्शन सरकारी तिजोरीतून येत नाही. ते कर्मचारी पेन्शन योजना १९९५, म्हणजे ईपीएस-९५ मधून येते. गुरुजींच्या जुन्या पेन्शनमागे सरकारचा शब्द होता, पण बाजूला काढलेला पैसा नव्हता. कारखान्याच्या कामगारामागे बाजूला काढलेला पैसा होता, पण तो पुरेल असा शब्द कोणी दिला नव्हता. मला हा सगळा इतिहास या दोन अपुऱ्या गोष्टींचा इतिहास वाटतो.

आधी शब्दाची गोष्ट. इंग्रजी राजवटीत पेन्शन ही मेहेरबानी होती. १८७१ च्या पेन्शन कायद्याने तर त्याबद्दलचे दावे दिवाणी न्यायालयाच्या कक्षेबाहेरच ठेवले होते. स्वातंत्र्यानंतरही ही दृष्टी बराच काळ टिकली. ती मोडली १७ डिसेंबर १९८२ रोजी, डी. एस. नकारा खटल्याच्या निकालाने. घटनापीठाचे प्रमुख होते सरन्यायाधीश यशवंतराव चंद्रचूड, पुणे जिल्ह्यातल्याच खेड तालुक्यातल्या कन्हेरसरच्या घराण्यातले. निकालपत्र न्यायमूर्ती डी. ए. देसाई यांनी लिहिले. पेन्शन हे दान नव्हे, कृपा नव्हे. केलेल्या सेवेचा तो पुढे ढकललेला मोबदला आहे, हे त्यात ठणकावून सांगितले गेले. आजही १७ डिसेंबर हा पेन्शनर दिन म्हणून पाळला जातो. मात्र त्याच निकालात एक गोष्ट गृहीत होती: सरकारी पेन्शनचा वेगळा निधी नाही, ते त्या-त्या वर्षीच्या महसुलातून द्यायचे, त्यामुळे लाभार्थी वाढले म्हणून कोणाचा वाटा कमी होत नाही. न्याय म्हणून हे बिनतोड होते. जमाखर्च म्हणून मात्र प्रश्न उरलाच होता. वाटा पेन्शनरचा कमी होत नाही, पण तो कुठून तरी येतो, आणि तो येतो त्या वर्षी कर भरणाऱ्यांकडून.

महाराष्ट्रात या शब्दाचे वजन आणखी एका निर्णयाने वाढले होते, आणि त्याचा धागा थेट बारामतीला पोहोचतो. १९७७-७८ मध्ये र. ग. कर्णिकांच्या नेतृत्वाखाली राज्य कर्मचाऱ्यांचा ५४ दिवसांचा संप झाला. मागणी केंद्राप्रमाणे महागाई भत्त्याची होती. वसंतदादांच्या सरकारने ती मान्य केली नाही. जुलै १९७८ मध्ये शरद पवार मुख्यमंत्री झाले आणि केंद्राइतका महागाई भत्ता देण्याचा निर्णय झाला. भत्ता जोडला गेला की निवृत्तीवेतनावरची महागाईवाढही त्यामागोमाग येते. एखाद्या शिक्षकाचे पेन्शन निवृत्तीनंतर काही वर्षांतच त्याच्या अखेरच्या पगाराच्या आकड्याला जाऊन भिडते, ते यामुळेच. तो निर्णय योग्यच होता, असे माझे मत आहे; महागाईत वितळणारे पेन्शन हे पेन्शन नसते. पण त्याच दिवशी त्याच्या पन्नास वर्षांच्या खर्चासाठी एखादा निधी सुरू झाला असता, तर २००५ ची दिवाळी वेगळी गेली असती.

आता पैशाची गोष्ट. कारखान्यातल्या कामगाराला भविष्य निर्वाह निधी होता, पण निवृत्तीनंतर दरमहा रक्कम नव्हती. १९७१ मध्ये कुटुंब पेन्शन योजना आली, तीही कामगार मेल्यावर मागे राहिलेल्यांसाठी. १६ नोव्हेंबर १९९५ पासून ईपीएस-९५ सुरू झाली आणि पहिल्यांदा पॅनमनला हयातीत पेन्शन मिळण्याची वाट मोकळी झाली. कामगाराच्या पगारातून वेगळे काही कापायचे नाही. मालक जो १२ टक्के भरतो त्यातले ८.३३ टक्के पेन्शन खात्यात वळवायचे आणि केंद्र सरकारने १.१६ टक्के घालायचे. साखर कारखान्यांच्या दृष्टीने तर त्यात एक फार मोलाचे कलम होते. हंगामी कामगार गव्हाणीत मोळी पडल्यापासून पट्टा पडेपर्यंत, म्हणजे वर्षातले चार-पाच महिनेच कामावर असतो. त्याचा एक हंगाम हे सेवेचे एक पूर्ण वर्ष धरायचे, असे योजनेत लिहिले आहे. कोणीतरी साखर धंदा जवळून पाहिल्याशिवाय हे कलम सुचले नसते.

मग अडले कुठे? गणितात. पेन्शन काढण्याचे सूत्र सोपे आहे: पेन्शनपात्र पगार गुणिले सेवेची वर्षे, भागिले ७०. पण पेन्शनपात्र पगाराला छत घातलेले. आधी ५,००० रुपये, १ जून २००१ पासून ६,५००, आणि मग तेरा वर्षे तिथेच. समजा, एक फिटर २०१३ च्या उन्हाळ्यात ५८ वर्षांचा झाला. त्याचा खरा पगार २० हजारांच्या घरात असला, तरी हिशेब ६,५०० वर. नोव्हेंबर १९९५ पासूनची सेवा १८ वर्षे. ६,५०० गुणिले १८ भागिले ७०, म्हणजे १,६७१ रुपये. त्याआधीच्या सेवेसाठी वेगळा तक्ता होता. त्यात २० वर्षांहून जास्त गतसेवेला मूळ रक्कम होती १५० किंवा १७० रुपये, तिला पुढे एका गुणकाने वाढवायचे. सगळे मिळून दोन-अडीच हजार. महागाईवाढ नाही. सुरुवातीच्या काही वर्षांत चार-पाच टक्क्यांची वाढ मिळाली होती, ती थांबली, कारण दरवर्षीच्या मूल्यांकनात तूट दिसू लागली होती.

हे मूल्यांकन म्हणजे या विषयाचा कणा. आज कामावर असलेले किती, ते किती वर्षे भरणार, निवृत्त झालेले किती वर्षे जगणार, निधीवर व्याज किती मिळणार, याचा अंदाज बांधून विमागणितज्ञ सांगतो की दिलेली वचने जमलेल्या पैशात बसतात की नाही. ईपीएस-९५ मध्ये असे मूल्यांकन दरवर्षी करण्याचे बंधन आहे. तूट दिसली तेव्हा तीन मार्ग होते: मालकाचा हिस्सा वाढवायचा, सरकारचा हिस्सा वाढवायचा किंवा पेन्शनरचे कमी करायचे. २६ सप्टेंबर २००८ च्या अधिसूचनेने तिसरा मार्ग धरला. पेन्शनचा काही भाग एकरकमी घेण्याची सोय गेली, मृत्यूनंतर भांडवल परत मिळण्याची सोय गेली, आणि ५८ च्या आधी पेन्शन घेतल्यास दरवर्षी होणारी कपात ३ टक्क्यांवरून ४ टक्के झाली. तूट आटोक्यात ठेवण्याचा हा मार्ग होता हे मान्य. पण त्या टेबलावर ज्याचे कमी झाले तोच सगळ्यांत दुबळा होता.

२०१३ मध्ये भगतसिंह कोश्यारी यांच्या अध्यक्षतेखालच्या राज्यसभेच्या याचिका समितीने किमान पेन्शन ३,००० करावे, ते महागाईला जोडावे आणि केंद्राने आपला १.१६ टक्के हिस्सा वाढवून ८.३३ टक्के करावा, अशी शिफारस केली. समितीने खर्चाबरोबर पैशाचा मार्गही सुचवला होता, हे महत्त्वाचे. १ सप्टेंबर २०१४ ला किमान पेन्शन १,००० रुपये झाले, पगाराची मर्यादा १५,००० झाली, पण सरासरी १२ महिन्यांऐवजी ६० महिन्यांची धरायची असेही ठरले. एका हाताने दिले, दुसऱ्याने थोडे काढून घेतले. केंद्राचा हिस्सा १.१६ वरच राहिला. हजाराला कमी पडणारी रक्कम केंद्र अर्थसंकल्पातून घालू लागले. पुढे कमांडर अशोक राऊत यांच्या राष्ट्रीय संघर्ष समितीने बुलढाण्यातून ७,५०० रुपये आणि महागाई भत्त्याची मागणी देशभर नेली. ४ नोव्हेंबर २०२२ ला, सरन्यायाधीश उदय लळित यांच्या निवृत्तीच्या चार दिवस आधी, पूर्ण पगारावर पेन्शन घेण्याच्या पर्यायाबद्दल सर्वोच्च न्यायालयाचा निकाल आला. त्यासाठी मागच्या सगळ्या वर्षांचा फरक व्याजासह भरायचा होता, आणि सप्टेंबर २०१४ पूर्वी पर्याय न देता निवृत्त झालेल्यांना त्यात जागा नव्हती. कालव्यावरचा जुना कामगार त्यातच मोडतो. ज्याला पर्याय होता, त्याच्याही पीएफचे घर बांधून झाले होते किंवा मुलीचे लग्न उरकले होते. लाखभर रुपये परत कुठून आणणार?

इथे मला इंदापूरची एक जुनी गोष्ट सांगावीशी वाटते. दीर्घ मुदतीचा आकडा चुकला तर काय होते, हे या तालुक्याने दोनशे वर्षांपूर्वी भोगले आहे. १८२८ च्या सुमारास पुण्याचे असिस्टंट कलेक्टर प्रिंगल यांनी जमिनीचे निव्वळ उत्पन्न काढून त्याच्या ५५ टक्के सारा ठरवला. आकडेमोड अतिशय बारकाईची होती, आणि तरी इंदापुरात शेते पडीक पडली, कुळे गाव सोडून गेली. १८३५ मध्ये गोल्डस्मिड आणि विंगेट यांनी पुन्हा मोजणी केली, सारा उतरवला आणि तो ३० वर्षांसाठी कायम केला. मुंबई इलाख्याच्या रयतवारी पाहणीची सुरुवात इथली. तालुका सावरला. पण तीस वर्षे आकड्याला कोणी हात लावला नाही, आणि १८६७ ची फेरआकारणी आली ती अमेरिकेतल्या यादवीमुळे चढलेल्या कापसाच्या भावांच्या छायेत. सारा एकदम वाढला, भाव कोसळले, पुणे सार्वजनिक सभेने चौकशी केली. १८७४ मध्ये सरकारने वाढीवर मर्यादा घातली, पण तोवर कुणबी सावकाराच्या दारात पोहोचला होता. १२ मे १८७५ ला सुप्याच्या बाजारात सावकारांची खतपत्रे पेटली. ते सुपे आज बारामती तालुक्यात आहे. पिढीभरासाठी ठरवलेला आकडा दरवर्षी तपासून थोडाथोडा दुरुस्त केला नाही, तर ती दुरुस्ती एक दिवस एकदम येते आणि ज्यांनी आकडा ठरवला त्यांच्यावर न येता त्यांच्या मुलांवर येते.

२००५ चा शासन निर्णय ही अशीच एकदम आलेली दुरुस्ती होती. केंद्राने १ जानेवारी २००४ पासून नव्या भरतीला राष्ट्रीय पेन्शन योजनेत (एनपीएस) घातले होते, महाराष्ट्र त्याच वाटेने गेला. तत्त्व म्हणून त्यात चूक नव्हती: वचन देतानाच पैसा बाजूला काढा. पण अंमलबजावणीत तेच तत्त्व सांभाळले गेले नाही. कपात होत राहिली, आणि अनेक शिक्षकांना आपल्या खात्यात किती जमले याची चिठ्ठी वर्षानुवर्षे मिळाली नाही. २०१४-१५ पासून योजना एनपीएसमध्ये मिसळायला सुरुवात झाली, जिल्हा परिषदांच्या शिक्षकांची खाती त्यानंतरही रेंगाळली. सेवेत असताना कोणी दगावले तर घरच्यांना कुटुंब निवृत्तीवेतन नव्हते. पगार सुरू असेपर्यंत घर, आणि माणूस गेला की दुसऱ्या महिन्यापासून काही नाही. दहा वर्षांच्या आत मृत्यू झाल्यास १० लाख रुपये सानुग्रह अनुदान, असा निर्णय २०१८ मध्ये झाला. कुटुंब निवृत्तीवेतन आणि उपदानाचा शासन निर्णय ३१ मार्च २०२३ ला निघाला. साडेसतरा वर्षे गेली. त्या काळात ज्या घरांतला कर्ता गेला, त्यांच्या रागाला कोणत्याही आकडेवारीने उत्तर देता येत नाही.

म्हणून ‘एकच मिशन, जुनी पेन्शन’ ही घोषणा एवढी पेटली. राजस्थान, छत्तीसगड, झारखंड, पंजाब, हिमाचल ही राज्ये २०२२-२३ मध्ये जुन्या योजनेकडे वळली. २१ डिसेंबर २०२२ ला नागपूर अधिवेशनात तेव्हाचे अर्थमंत्री देवेंद्र फडणवीस यांनी सांगितले की जुनी योजना आणली तर १ लाख १० हजार कोटींचा बोजा पडेल आणि राज्य दिवाळखोरीत जाईल. महिन्या-दीड महिन्यात नागपूर शिक्षक मतदारसंघात भाजपच्या पाठिंब्यावर उभे असलेले ना. गो. गाणार पडले आणि सुधाकर अडबाले निवडून आले. १४ मार्च २०२३ पासून राज्यभर संप झाला. दहावी-बारावीच्या परीक्षा चालू होत्या, अवकाळी पावसाने पिके झोपली होती आणि पंचनाम्याला तलाठी नव्हते. शेतकऱ्याच्या घरातल्या माणसाला हे दृश्य पाहताना दोन्हीकडून ओढ लागत होती, कारण या तालुक्यांत शेतकरी आणि गुरुजी अनेकदा एकाच घरातले सख्खे भाऊ असतात. २० मार्चला विश्वास काटकर यांच्या समन्वय समितीने संप मागे घेतला; सुबोधकुमार, के. पी. बक्षी आणि सुधीरकुमार श्रीवास्तव या निवृत्त सनदी अधिकाऱ्यांची समिती नेमली गेली.

त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये रिझर्व्ह बँकेच्या अभ्यासकांनी राज्यांसाठी हिशेब मांडला: सगळी राज्ये जुन्या योजनेकडे परतली तर एकूण बोजा एनपीएसच्या साडेचार पटींपर्यंत जाऊ शकतो, आणि खरा चढ आज नाही, २०४० नंतर लागतो. आज परतणाऱ्या राज्याचे तर काही वर्षे पैसे वाचतात, कारण त्याला हिस्सा भरावा लागत नाही. राजकारणातला मोह नेमका इथे आहे.

तोडगा निघाला तो निवडणुकांच्या वर्षात. जुलै २०२३ पासून अर्थखाते बारामतीचे आमदार अजित पवार यांच्याकडे होते. २ फेब्रुवारी २०२४ च्या शासन निर्णयाने, ज्यांच्या भरतीची जाहिरात १ नोव्हेंबर २००५ पूर्वीची होती पण नेमणूक नंतरची, अशा सुमारे २६ हजार जणांना जुन्या योजनेचा पर्याय मिळाला. हा उघड न्याय होता. सरकारच्या दिरंगाईने त्यांची तारीख हुकली होती. १ मार्च २०२४ ला मुख्यमंत्री एकनाथ शिंदे यांनी विधिमंडळात सुधारित योजना जाहीर केली: वर्गणी चालू राहील, पण अखेरच्या वेतनाच्या ५० टक्के पेन्शनची आणि त्यावरच्या महागाईवाढीची हमी सरकार घेईल, कुटुंबाला त्याच्या ६० टक्के. २४ ऑगस्ट २०२४ ला केंद्राची एकीकृत पेन्शन योजना जाहीर झाली. त्यात केंद्राचा हिस्सा १४ वरून १८.५ टक्के झाला, आणि त्यातले ८.५ टक्के हमीसाठीच्या सामाईक निधीत जाणार. दुसऱ्याच दिवशी, २५ ऑगस्टला, महाराष्ट्राने ती स्वीकारली. असे करणारे ते पहिले राज्य.

माझ्या मते यात एक गोष्ट खरोखर पुढची आहे. शब्द आणि पैसा पहिल्यांदा एका ताटात आले. कर्मचारी भरतो, सरकार भरते, कमी पडले तर हमी आहे. पण साडेआठ टक्के पुरतील की नाही हे कोणीही छातीठोक सांगू शकत नाही. प्रत्येक वेतन आयोगाबरोबर अखेरचा पगार उडी मारेल, माणसे जास्त जगतील, व्याजदर खाली येतील. ईपीएस-९५ चेही सुरुवातीचे गणित बसलेलेच होते. त्यामुळे राज्याने आपल्या पेन्शन दायित्वाचे विमागणिती मूल्यांकन दरवर्षी करून अर्थसंकल्पासोबत विधिमंडळापुढे मांडावे, तूट दिसली की त्याच वर्षी हिस्सा पाव-अर्धा टक्का वाढवावा, आणि निधीतला पैसा कोणत्याही लोकप्रिय योजनेसाठी उसना घेऊ नये. कर्मचारी संघटनांनी संपाच्या मागण्यांत हे मूल्यांकन पहिल्या क्रमांकावर घ्यावे. पेन्शन बुडाले तर पहिला फटका त्यांच्याच सभासदांना बसणार आहे.

आणि कालव्यावरच्या दुसऱ्या पेन्शनरचे काय? देशात ईपीएस-९५ चे ७८ लाखांहून अधिक पेन्शनर आहेत. नोव्हेंबर आला की भवानीनगरचा, माळेगावचा निवृत्त कामगारही हयातीचा दाखला द्यायला रांगेत उभा राहतो, गुरुजींसारखाच. साखर शिजवताना भाजून घासलेला त्याचा अंगठा यंत्रावर उमटत नाही, दोनदा-तीनदा दाबावा लागतो, कधी डोळ्यांवर काम भागवावे लागते. इतके करून मिळतात हजार-दोन हजार. राज्याच्या तिजोरीने आपल्या माणसांसाठी सुरुवातीच्या १० वरून वाढवून १४ टक्के, केंद्राने आपल्यांसाठी साडेअठरा टक्के काढले. या कामगारासाठी केंद्राचा हिस्सा १९९५ पासून १.१६ टक्क्यांवर आहे, तोही १५,००० च्या मर्यादेवर, म्हणजे महिन्याला जास्तीत जास्त १७४ रुपये. किमान पेन्शन वाढवायचे तर हा आकडा वाढवावा लागेल आणि कारखान्यांनाही मर्यादेच्या वरच्या पगारावर काही भरावे लागेल. ऊसदर, एफआरपी आणि कामगारांची देणी यांची ओढाताण सांभाळणाऱ्या संचालक मंडळांना ते जड जाईल. कोश्यारी समितीने २०१३ मध्ये दाखवलेली वाट आजही तशीच मोकळी आहे, आणि तिची सुरुवात केंद्राच्या हिश्श्यापासून होते.